तारेचे पंधरा दिवस

कवडू रामटेके पवनीकडून भिलाईला आला, तेव्हा पोलाद कारखान्याच्या जागी नुसता मुरूम होता. तो खलाशी झाला. म्हणजे लोखंडी गर्डर दोरानं बांधून वर चढवायचे आणि त्यांच्या मागोमाग आपणही चढायचं. त्याची बायको पंचफुला तिथंच रेजा होती. डोक्यावर घमेलं घेऊन काँक्रीट वाहायची. एकसष्ट साली कवडूला सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं आणि त्याला वाटलं, आता क्वार्टरवाल्याच्या बायकोनं घमेलं उचलणं बरं दिसत नाही. तसं त्यानं तिला सांगितलं. पंचफुलानं ऐकून घेतलं, स्वयंपाक केला, भांडी घासली आणि पाच वर्षांच्या लेकीला, तारेला घेऊन ती कोहक्याला भावाकडे निघून गेली.

आठ दिवसांत येईल, असं कवडूनं शेजारच्या गिरजाबाईंना सांगितलं. सात महिने झाले.

मग समाजाच्या पंचकमिटीनं रीतसर काडीमोड लिहून दिला. पोरगी आईजवळ राहील आणि तिच्या खर्चाला बाप महिन्याला चाळीस रुपये देईल, असं ठरलं. बापानं पोरीला कधी भेटायचं, हे लिहायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पगाराच्या दिवशी कवडू सायकलनं कोहक्याला जायचा. पंचफुलाचा भाऊ तेजराम दारातच पैसे घ्यायचा.

"तारा कुठं हाय?"

"झोपली."

तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असत आणि आतून तारेचा गाण्याचा आवाज येत असे. पोरगी झोपेत गाते, हे कवडूला माहीत नव्हतं. तो सायकल वळवायचा.

चौथ्या महिन्यात तो पंचकमिटीचे मुखिया देवाजी यांच्याकडे गेला.

"जय भीम, देवाजीबुवा. मले पंधरा दिवस पोरगी पायजे. पंधरा दिवस मायजवळ, पंधरा माह्याजवळ. अन् पैसे त्या हिशेबानं ठरवा."

देवाजींनी गावी असताना विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. पोरीच्या पाळ्या त्यांनी कधी लावल्या नव्हत्या. "दुसरी बायको कावून करत नाही तू?" त्यांनी विचारलं.

"मले बायको नाही पायजे. पोरगी पायजे."

"अन् तुही रातपाळी असली म्हनजे?"

दुसऱ्या दिवशी कवडूनं फोरमनकडे अर्ज दिला की मला दोरांच्या स्टोअरमध्ये घ्या. तिथं फक्त दिवसाची ड्यूटी होती. तुटके दोर जोडायचे आणि घासलेले मोजायचे. ते काम म्हाताऱ्यांना किंवा पडून हातपाय मोडलेल्यांना देत. फोरमननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मोडलेलं काहीच दिसेना, तरी त्यानं सही केली. गँगमधले म्हणाले, कवडूला उंचीची भीती वाटायला लागली. कवडूनं ते खोडून काढलं नाही.

रविवारी टिनाच्या विहारात बैठक बसली. पंचफुला तारेला घेऊन आली होती. तेजराम उभाच राहिला.

"पोरीची जात हाय," तो म्हणाला. "हा मानूस तिची वेनी तरी घालन का?"

कवडूनं तारेला जवळ बोलावलं. ती आली, पण आईकडे बघत बघत. त्यानं तिचे केस सोडले, तीन पेड केले आणि स्टोअरमध्ये दोर वळतात तसे एकावर एक वळत गेला. बैठक माना पुढं करून बघत होती. वेणी झाल्यावर देवाजी उठले आणि त्यांनी ती ओढून पाहिली.

"सुटत नाही," त्यांनी निर्णय दिला.

"दुखते," तारा म्हणाली.

"सैल करतो," कवडू म्हणाला आणि त्यानं सगळी वेणी सोडून पुन्हा घातली.

"मी वापस येनार नाही," पंचफुला म्हणाली.

"मी ये म्हनतच नाही. घमेल्याचं मी चुकलो. ते आता राहू दे, पोरीचं बोल."

चुकलो हा शब्द तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. तिनं पदर नीट केला आणि देवाजींकडे वळली. "अर्धे दिवस पोरगी त्यायच्याकडं, तर पुरे पैसे मी कावून घेऊ? मी बी कमावते. पंचवीस द्या. शाळेचं अन् कपड्याचं दोघं मिळून पाहू."

"अवो बाई, चाळीस मिळून राहिले तुले!" तेजराम कळवळला.

"मले मिळून राहिले, तुले नाही," पंचफुला म्हणाली. तेजराम खाली बसला.

देवाजींनी लिहायला घेतलं. एकतीस तारखेपाशी ते अडले. तो दिवस कुणाचा? यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी कुणीतरी तारेला विचारलं. ती म्हणाली, एकतीस तारखेला मी गिरजाबाईकडे राहीन, तिच्याकडं शेळी हाय. तेही लिहिलं गेलं.

एक तारखेला पंचफुला स्वतः तारेला क्वार्टरवर घेऊन आली. तिनं चूल पाहिली, पाण्याचा माठ पाहिला, गादी हातानं दाबून पाहिली.

"वांगं खात नाही ती."

"मले मालूम हाय."

"आता खाते," पंचफुला म्हणाली. "खात नाही फक्त भेंडी." आणि ती ड्यूटीवर निघून गेली.

त्या रात्री तारा आईसाठी रडली. कवडू तिला थोपटत बसला. चौथ्या दिवशी ती रडायची विसरली आणि आठव्या दिवशी शेजारच्या पोरांना सांगू लागली की माझी दोन घरं आहेत, तुमचं एकच.

पंधरा तारखेला तो तिला सायकलच्या दांडीवर बसवून कोहक्याला घेऊन गेला. तारा उडी मारून आत पळाली, वळून पाहिलंही नाही. कवडू हँडल धरून उभा राहिला. परत जाऊन क्वार्टरमध्ये करायचं काय, हे त्याला सुचेना.

तेजराम बाहेर आला. त्यानं कवडूच्या हातातून सायकल घेतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "च्या ठेवला हाय."