पाठीवर अक्षरं असलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. व्हीलचेअर म्हटलंत तरी चालेल, मी रागावत नाही. कुठल्याशा कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला, पण मी स्वतःला कोल्हापूरचीच समजते. इथल्या एका लहानशा चर्चने मला गरजू आजाऱ्यांसाठी विकत घेतलं.

देणाऱ्याचं नाव पंख्याच्या पात्यावरसुद्धा घालायची आपल्याकडे भारी हौस! चर्चच्या कमिटीने माझ्या पाठीवर लाल अक्षरांत लिहून घेतलं : ‘प्रभू तुमच्यावर प्रीती करतो’. निवृत्त नर्स एस्तेरबाई नको म्हणत होत्या. “आजाऱ्याला खुर्ची पायजे, पाटी न्हाय,” असं त्या म्हणाल्या. पण कमिटीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

एस्तेरबाईंनी मला राजारामपुरीत शिवाप्पा आण्णांकडे नेलं. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ट्रकने उडवल्यापासून त्यांच्या पायांत जीव नव्हता आणि कंबर ताठ धरत नव्हती. पायांपेक्षाही त्यांना एका गोष्टीचं दुःख जास्त होतं. ते लिंगायत, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज ताठ बसून पूजा करायची, हा त्यांचा जन्माचा नेम. तो मोडला होता.

माझ्यावर बसून त्यांनी पुन्हा पूजा केली, त्या सकाळी त्यांची पत्नी गंगव्वा दाराआड रडली. एस्तेरबाई रोज त्यांना अंघोळ घालायच्या, माझ्यावर बसवायच्या आणि पूजा होईपर्यंत बाहेर थांबायच्या. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे पाच महिने!

मग गल्लीने माझी पाठ वाचली. कुजबुज सुरू झाली. एके दिवशी आण्णांचा मुलगा मल्लेश मला चर्चच्या फाटकाशी ढकलत घेऊन आला.

“लोकं म्हणत्यात, म्हाताऱ्याला बाटवायला लागल्यात. आता तुमीबी येऊ नका, सिस्टर.”

“अरे, तुझा बाप हिच्यावर बसून लिंगपूजाच करतोय की!”

“मला ठावं हाय. पर गल्लीला कोण सांगणार?”

तो मान खाली घालून निघून गेला. मल्लेश वाईट नव्हता, मित्रांनो. भित्रा होता. मला त्या भित्रेपणाचाच राग जास्त येतो.

दोन महिन्यांनी गंगव्वाच चर्चमध्ये आली. “पडून पडून कमरंला जखमा झाल्यात. लिंग छातीवर ठिवून नुसतं रडत्यात. चला की, सिस्टर.” एस्तेरबाईंनी ब्लेडने माझ्या पाठीवरची अक्षरं खरवडून काढली आणि मला घेऊन निघाल्या. मल्लेशने दार उघडलं.

उशीर झाला होता. माझ्यावर टेकवताच आण्णा असे कळवळले, की मला माझ्याच लोखंडाची लाज वाटली. मला घडी करून भिंतीला लावलं. एस्तेरबाईंनी गादीवर उशा रचल्या, आण्णांना उठवलं आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून स्वतः बसल्या. जेमतेम पाच मिनिटं. पुढे आण्णांनी पूजा केली, मागे बाईंनी डोळे मिटून आपली प्रार्थना केली. त्या खोलीत दोघांचे देव काही भांडले नाहीत.

तापाने फणफणून चौथ्या दिवशी आण्णा गेले.

त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवूनच मूठमाती देतात. आण्णांना अंघोळ घालून, तळहातावर लिंग ठेवून ओसरीत ताठ बसवलं. सगळी गल्ली पाया पडायला लोटली. देह कलू नये म्हणून मल्लेश दोन्ही हातांनी बापाची पाठ धरून बसला होता. तासभर त्याने हात काढले नाहीत.

आता मी चर्चच्या मागच्या खोलीत गंजत पडले आहे. एस्तेरबाईंचे गुडघे गेले, कुणाकडे जाववत नाही. मित्रांनो, माझ्या चाकांत तेल घाला किंवा घालू नका. पण कुणाच्या पाठीला हात द्यायचा असेल, तर त्याला तो हात कळतो आहे तोवरच द्या.