बोंबल्याचा बिल्ला

मंजुळाच्या लग्नात पाठराखीण म्हणून मी जायचं, हे आम्ही परकर नेसत होतो तेव्हापासून ठरलेलं. पण माहुलच्या अनंताशी तिचं लग्न ठरलं त्या दिवशी ती मला म्हणाली, "तू कशाला गं? तू रात्रभर घोरतेस. माझा पाठराखा बोंबल्या." आणि हसली नाही, म्हणजे खरंच सांगत होती.

बोंबल्या तिच्या बापाचा कुत्रा. वाळत घातलेले बोंबील पळवायचा म्हणून हे नाव पडलं. भिकाजीकाका त्याला होडीवर पुढे बसवून समुद्रात न्यायचे. एकदाच तो पाय दुखावला म्हणून घरी राहिला आणि नेमकी त्याच दिवशी होडी उलटली. मंजुळाची आई आधीच गेलेली. भिकाजीकाकांचे धाकटे भाऊ बळवंतकाका तिला म्हणाले, "रडू नको पोरी, होड्या गेल्यात शोधायला." ती दिवसभर चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत राहिली. शोधायला गेलेले परत येतील तेव्हा भुकेले असतील, म्हणून. भिकाजीकाका काही सापडले नाहीत. त्या दिवसापासून कुत्रा रोज संध्याकाळी वाळूत जाऊन बसायचा आणि ही त्याच्या शेजारी. बापाचं म्हणून तिला एवढंच उरलं होतं.

अनंताने कुत्र्यासकट बायको कबूल केली. माहुलच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसेनात का!

बोंबल्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा होता आणि पट्ट्याला पत्र्याचा बिल्ला. बिल्ला नसलेला कुत्रा दिसला की कुत्रे धरणारी गाडी त्याला उचलून कोंडवाड्यात नेई. वेळेत कुणी बिल्ला दाखवून सोडवला नाही, तर मारून टाकत. आमच्या वेसाव्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

लग्नाच्या सकाळी मंजुळाने कुत्र्याला न्हाऊ घातलं, कपाळाला हळद लावली आणि गळ्यात झेंडूची माळ घालून देवकाजवळ बसवलं. पुतळाबाई, म्हणजे तिची आत्या, तिथे आली आणि कडाडली, "देवकापाशी चामडं? काढ आधी तो पट्टा!" पायातली वहाण मांडवाबाहेर काढतात, मग पट्टा कसा चालेल? आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पट्टा निघाला आणि दारामागच्या खिळ्याला अडकला.

मग माहुलची लॉरी आली. बँड वाजला, फटाके फुटले आणि बोंबल्या मांडवातून जो सुटला तो दिसेनासा झाला. थोड्या वेळाने पोरं ओरडत आली, "बोंबल्याला गाडीवाल्यांनी नेला! माळेसकट नेला!"

मंजुळा ताडकन उठली. पुतळाबाईने तिचा दंड धरला. हळद लागलेली नवरी मांडवाबाहेर पाय टाकत नाही.

"काका, तू जा. आत्ताच जा. मारतील त्याला."

"अगं, लवू गेला पण," बळवंतकाका म्हणाले. लवू त्यांचा थोरला मुलगा. "बिल्ला घेऊन सायकलवर गेलाय. तू बस. मुहूर्त जवळ आला."

ती बसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्याला भूक लागली असेल गं. माशाची एक तळलेली तुकडी बाजूला काढून ठेव." मी पानात झाकून ठेवली.

अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. नवरानवरी देवकाच्या पाया पडायला आत गेली. मी मागेच होते. मंजुळा वाकून उठली आणि तिची नजर दारामागे गेली. खिळ्याला पट्टा होता. पट्ट्याला बिल्ला होता. बाहेर पंगतीत लवू भात वाढत होता.

तिने पट्टा काढून अनंताच्या हातात दिला. "जाता का?" एवढंच म्हणाली. तो मुंडावळ्यांसकट लॉरीत चढला. माहुलची माणसं बघत राहिली. नवरा भर पंगत टाकून कुत्र्यासाठी गेलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

दिवेलागणीला तो आला. पट्टा हातात होता. "दुपारीच संपवला म्हणाले," तो खाली बघत म्हणाला. "सकाळी कुणी गेलं असतं, तर देणार होते."

"बरं झालं, जिवावरचं शेपटावर गेलं," पुतळाबाई म्हणाली. माझ्या तोंडात शिवी आली आणि मी ती गिळली नाही.

पाठवणीची वेळ झाली. बळवंतकाका पुढे आले. वाईट माणूस नव्हता तो. बाप गेल्यावर त्यांनीच तिला सांभाळलं होतं आणि आता खरोखर रडत होते. "तुझ्याच भल्यासाठी बोललो गं. पंगत सोडून कुणाला पाठवणार होतो? खरं सांगितलं असतं, तर तू मुहूर्त सोडून स्वतःच धावली असतीस. गेला म्हटलं म्हणून शांत बसलीस."

मंजुळा त्यांच्या पाया पडायला वाकत होती. ती अर्ध्यातच थांबली.

"काका," ती म्हणाली, "बापूस बुडाला तवा होड्या तरी गेलेल्या ना?"

बळवंतकाकांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं. "समुद्र लय खवळलेला पोरी," ते म्हणाले. त्यांच्या मागे वेसाव्याचे होडीवाले उभे होते. एकानेही मान वर केली नाही.

मंजुळा सरळ उभी राहिली. त्यांच्या पाया न पडताच लॉरीकडे गेली, वर चढली आणि अनंताच्या हातातला पट्टा घेऊन ओटीतल्या तांदळात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ये गं. तूच चल."