पुढच्या माणसासाठी

मास्तरांनी गिअरच्या पुढचं पॅनल दोन्ही अंगठ्यांनी खालून उचललं. टक् असा आवाज झाला, एकही खिट्टी तुटली नाही, आणि ते स्वतःवरच खूश झाले. दहा जणांना हे पॅनल काढायला दिलं तर आठ जण एखादी तरी खिट्टी मोडणार, असं त्यांचं जाहीर मत होतं. कोणी विचारलेलं नसलं तरी.

"बघ, निघालं! दहा मिनिटांचं काम म्हटलं होतं की नाही?" ते घराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले.

बायको दारातच उभी होती. हातातल्या फडक्याला हात पुसत होती. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसत होती.

"अहो, राहू द्या ना आज. एवढी काय घाई आहे?"

"घाई? परवा वाटेत तुझा फोन मेला, नकाशा गेला, आणि आपण त्याच चौकाला चार प्रदक्षिणा घातल्या. एकच सॉकेट, त्यात माझा फोन ठाण मांडून बसलेला. जन्मभर लोकांच्या गाड्यांची वायरिंग केली मी. घरच्या गाडीत एक जास्तीचा पॉइंट बसवता येऊ नये म्हणजे कमाल झाली."

 हल्ली लांब जायचं असलं की तीच गाडी चालवायची. मास्तरांचा गुडघा दुखतो म्हणून, असं घरात ठरलं होतं. गुडघा तसा फारसा दुखत नसे, पण शेजारी बसून चुका काढायला मिळतात म्हणून मास्तरांनीही तक्रार केली नव्हती. दुकानात मात्र ते स्वतः गाडी घेऊन जायचे. रस्ता सरळ होता, गाडीला पाठ झालेला.

बॅटरीची तार त्यांनी आधीच सोडवून ठेवली होती. आता जुन्या सॉकेटमागची लाल वायर शोधायची, तिच्यावरून नवी ओढायची, मध्ये फ्यूज टाकायचा, की संपलं. त्यांनी टॉर्च दातांत धरला आणि आत हात घातला.

बोटांना काहीतरी लागलं. काडेपेटीएवढी काळी डबी. दोन वायरी, एक लाल, एक काळी.

मास्तरांनी टॉर्च तोंडातून काढला. असल्या डब्या त्यांनी ढिगाने बसवल्या होत्या, टॅक्सीवाल्यांच्या, ट्रकवाल्यांच्या, एका संशयी व्यापाऱ्याच्या गाडीतसुद्धा. गाडी कुठे उभी आहे, किती वेळ उभी आहे, सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर दिसायचं.

"हे काय आहे?"

बायकोने फडकं खांद्यावर टाकलं.

"मी काय विचारतोय? हे माझ्या गाडीत कोणी बसवलं?"

"तुम्ही जरा आत या. बसून बोलू."

म्हणजे हिला ठाऊक आहे! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पुन्हा आत वाकून जोड निरखला. कापडी टेप, तीही नीट, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळलेली. वर मेणाच्या दोऱ्याचे तीन वेढे आणि गाठ. दोऱ्याची गाठ हल्ली कोण मारतं? सगळे प्लास्टिकच्या पट्ट्या आवळून मोकळे होतात. ही गाठ मारणारी माणसं दोनच. एक ते स्वतः, आणि दुसरा त्यांनी ज्याला हाताला धरून शिकवला तो चष्मिश, ज्याचं आता बाजारात त्यांच्यापेक्षा मोठं दुकान होतं.

त्यांनी फोन लावला.

"काय रे चष्मिश, खाल्ल्या घरचे वासे मोजतोस होय? माझ्याच गाडीत डबी लावतोस? काकूंनी सांगितलं आणि तू लावलीस?"

पलीकडे कोणीतरी हातोडी ठोकत होतं. ते थांबल्यावर चष्मिश बोलला, अगदी हळू.

"मास्तर, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"माझ्या दारात! आणखी कुठे असणार?"

"काकू आहेत ना जवळ?"

मास्तरांनी फोन बंद केला. हा कसला प्रश्न? शिव्या घातल्या तर माणूस उलट बोलेल, नाहीतर माफी तरी मागेल. आजाऱ्याची चौकशी करावी तसा काय बोलतो?

मग ते बायकोकडे वळले आणि जे बोलू नये ते सगळं बोलले. इतक्या वर्षांच्या संसारात हीच किंमत केलीस का माझी, म्हणाले. मी काय बाहेर कुठे शेण खायला जातो, म्हणून पाळत ठेवतेस? वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि लगेच लागली. बायकोने मध्येच तोंड घातलं नाही. रडलीही नाही. गाडी यायची वेळ ठाऊक असलेला माणूस फलाटावर उभा राहतो तशी ती उभी होती, आणि मास्तरांना त्याचाच जास्त राग येत होता.

त्यांचा दम संपल्यावर ती म्हणाली, "चिठ्ठी बघितलीत?"

 चिठ्ठी हा मास्तरांचा नियम होता. कुठलाही जोड मारला की कागदाच्या कपट्यावर तारीख, काम आणि फ्यूज लिहायचं, आणि तो कपटा पारदर्शक चिकटपट्टीत घालून दोऱ्याखाली सरकवायचा. पुढच्या माणसाला कळायला हवं, असं ते प्रत्येक शिकाऊला सांगत. आधी चिठ्ठी वाचा, मग वायरीला हात लावा. आज त्यांनी स्वतःच वाचली नव्हती.

त्यांनी डबी उलटी केली. चिठ्ठी होती.

"१४ जून. गाडी कुठे आहे ते हिला दिसावं म्हणून. फ्यूज दोन अँपिअरचा. मीच बसवली आहे. हिच्यावर ओरडू नकोस."

"हे... हे माझं अक्षर नाही," मास्तर म्हणाले.

अक्षर त्यांचंच होतं. चौकोनी, डावीकडे कललेलं. त्यांनी गाठीकडे पाहिलं. तीही डावीकडे वळली होती. चष्मिश उजवा. डाव्या हाताचे ते एकटेच.

 ते गाडीच्या दाराला धरून सीटच्या कडेवर टेकले. जून आठवून पाहिला. जूनमध्ये पंखा दुरुस्त केला होता, शेजाऱ्याचा कुत्रा हरवला होता, सापडला होता. ही डबी कुठेच नव्हती. धडधडीत आपल्या हातची गाठ, आणि ती मारल्याची एवढीशीसुद्धा खूण डोक्यात नाही!

"काय झालं होतं जूनमध्ये?"

ती येऊन त्यांच्या पायाशी फरशीवर बसली, उंबऱ्यावर बसावं तशी.

"दुकानात म्हणून निघालात, आणि जुन्या वर्कशॉपपाशी जाऊन बसलात. पाडलंय ते, अकरा वर्षं झाली. रात्र पडायच्या आत चष्मिशला सापडलात. डॉक्टरकडे जाऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीच डबी आणलीत. चष्मिश बसवतो म्हणाला, तर म्हणालात, तो खिट्ट्या मोडेल."

एरवी मास्तरांना हसू आलं असतं. चिठ्ठीच्या खाली आणखी अक्षरं होती, वेगळ्या शाईची. त्यांनी कागद टॉर्चखाली धरला.

"२ सप्टेंबर. पाहिली. ओरडलो."

"२७ नोव्हेंबर. पाहिली. ओरडलो."

त्या दोन ओळींवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "तेव्हाही सॉकेटच लावायला बसलो होतो?"

"हो."

"मग लावला का नाही?"

"दोन्ही वेळा पॅनल बसवून टाकलंत आणि आत जाऊन झोपलात. दुसऱ्या दिवशी विसरलात. मला वाटलं, विसरलात तेच बरं."

"आणि तुझी माफी?"

"मागितलीत की. दोन्ही वेळा." तिने खांद्यावरच्या फडक्याची घडी घातली. "मला तोंडपाठ झालीय ती."

मास्तरांनी डोळे पुसले, तेही टेपचा काळा डाग लागलेल्या हाताने. मग खिशातलं पेन काढून तिसरी ओळ लिहिली. अक्षर चौकोनीच आलं.

नंतर त्यांनी लाल वायर शोधली, नवी ओढली, फ्यूज टाकला, सॉकेट बसवला. त्यांच्या बोटांना कशाचीही आठवण करून द्यावी लागली नाही. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. दोऱ्याचे तीन वेढे घातले, गाठ मारली, पॅनल टक् करून बसवलं, बॅटरी जोडली. पण डबीखालची चिठ्ठी त्यांनी परत आत ठेवली नाही. नव्या सॉकेटच्या शेजारी, पॅनलच्या वरच, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून चिकटवली.

"अहो, कोणीही वाचेल ना तिथे."

"वाचू दे. आत ठेवून काय उपयोग? पुढचा माणूसही मीच आहे."

त्यांनी गाडीची किल्ली तिच्या हातात दिली, वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा लावला. ती चालकाच्या जागी येऊन बसली. किल्ली फिरवल्यावर सॉकेटमध्ये निळा दिवा लागला.

"तुझा फोन लाव," मास्तर म्हणाले. "आणि बघ, दिसतोय का मी."