पटकथेवर नाव कोणाचं

बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, भल्याभल्या डॉक्टरांना धाकात ठेवलं, आणि निवृत्तीनंतर लिहिलेल्या माझ्या पहिल्या पटकथेवर लाल पेन चालवलं ते माझ्याच लेकीनं. ती सिनेमांच्या संकलनाचं काम करते. म्हणाली, आई, 'तिच्या मनात काहूर माजलं' असं लिहिलंयस, ते कॅमेऱ्याला दिसणार कुठून? माझा पारा चढला. चार महिने खपून लिहिलेली नव्वद पानं, आणि हिला त्यात काहूर दिसेना. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी भांडी विसळताना माझं मलाच हसू फुटलं. अगं बाई, नव्या नर्सना मी जन्मभर याच गोष्टीसाठी फैलावर घेतलं होतं. नोंदवहीत कोणी 'पेशंट बेचैन' असं लिहिलं की मी वही परत करायची. बेचैन म्हणजे काय केलं त्यानं? कूस किती वेळा बदलली, पाणी मागितलं का, दाराकडे बघत होता का, ते लिही. आणि लेखिका व्हायला निघाले तर मीच काहूर घेऊन बसले होते.

सगळी पानं फाडली आणि नव्यानं लिहायला घेतलं. गोष्ट तीच, आमच्या वॉर्डातली. एक म्हातारे गृहस्थ भेटीच्या वेळेआधी रोज दाढी करून बसायचे, आणि त्यांना भेटायला कोणीच यायचं नाही. एके दिवशी साफसफाई करणाऱ्या आमच्या मावशी काम संपवून, कपडे बदलून पाहुण्यांच्या दारानं आत आल्या आणि त्यांच्या खाटेशी जाऊन बसल्या. या वेळी मी फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहिलं. लेक वाचत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात उगाच डबे लावत होते. ती आली ती नाक पुसतच.

मग निर्मात्यांकडे खेटे सुरू झाले. पाच जणांनी वाचलंसुद्धा नाही. सहाव्यानं अख्खं वाचून बोलावलं, तोंड भरून कौतुक केलं, आणि मुद्द्यावर आला.

"तुम्हाला कोण ओळखतं, सिस्टर? आमच्या नेहमीच्या लेखकाचं नाव वर टाकू. शेवटी तुमचे आभार मानू, ठळक अक्षरांत."

खोटं कशाला बोलू, हो म्हणावंसं वाटलं. साठीला टेकलेली बाई मी, परत कोण विचारणार होतं? लेक शेजारीच बसली होती.

"माझ्या नोंदीत चूक निघाली असती तर मलाच जाब विचारला असता," मी म्हणाले. "मग बरोबर निघाली तर नाव दुसऱ्याचं का?"

कागद उचलले आणि चार मजले उतरले. खाली आल्यावर शेवटच्या पायरीवरच बसले. घालवली बाई संधी, म्हटलं. लेक म्हणाली, घालवलीस तर घालवलीस, आणि तिनं माझा हात घट्ट धरला.

नऊ दिवस फोन नाही. मी चिडचिडत घरातली सगळी कपाटं आवरली. दहाव्या दिवशी भर दुपारी निर्मात्याचाच फोन. मी आधी पाठवलेली प्रत त्यांच्या नेहमीच्या लेखकानं वाचली होती आणि सरळ हात जोडले होते. ज्यांनी लिहिलंय त्यांचंच नाव लावा, मला लाजवू नका, असं म्हणाला म्हणे. करार तयार होत होता. लेखिका म्हणून नाव एकट्या माझंच.

"फक्त एक अडचण आहे, सिस्टर," तो म्हणाला. "पहिल्या पानावर तुम्ही त्या म्हाताऱ्यांचं नाव घातलंय. तुमचं कुठेच नाही."

वॉर्डातली सवय. नोंदींच्या पहिल्या पानावर पेशंटचं नाव असतं. नावासाठी एवढं भांडले, आणि ते लिहायचंच राहिलं होतं.

मी त्याला नाव सांगितलं. त्याला नीट ऐकू गेलं नाही. मग मी खुर्चीतून उठले, ताठ उभी राहिले आणि एकेक अक्षर सुटं करून, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते पुन्हा सांगितलं.