माळ्यावरचा डवला

मित्रांनो, मी एक जुना डवला आहे. डवला म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल आणि त्यात तुमची काही चूक नाही. नारळाची अर्धी करवंटी घासून गुळगुळीत करायची, तिला दोन भोके पाडायची आणि त्यांतून बांबूची दांडी आरपार घालायची, की झाला डवला. कालवण ढवळायचे, पेज वाढायची, एवढेच माझे काम. अशा वस्तूने स्वतःची कहाणी सांगावी का, याचा मी खूप दिवस विचार केला. सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही. पण गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात जे घडले ते मी जवळून पाहिले. ते ऐकून एखाद्या घरी कुणाच्या पोटात चार घास जास्त गेले तर बरे, म्हणून सांगतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म घिवली गावचा. प्रतापरावांची तिथे नारळाची आणि चिकूची वाडी आहे. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. जयवंतीबाई दातिवऱ्याहून सासरी आल्या त्या मातीची तवी घेऊनच. माशाचे कालवण तवीतच शिजले पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. घरातली पितळी पळी तवीला खरवडायची, म्हणून त्यांनी नवऱ्याला डवला करायला सांगितले. प्रतापरावांनी पहिला डवला केला तो वाकडा झाला. दुसरा भोक पाडतानाच फुटला. मी तिसरा. मी चांगला झालो असे तेव्हा सगळे म्हणाले. पण दोन बिघडल्यावर कुणालाही तिसरा चांगलाच वाटणार, असे मला अजून वाटते.

पुढे कितीतरी वर्षे मी त्या तवीत राबलो. चुलीचा धूर खाऊन माझी दांडी काळी झाली. घरचा मुलगा प्रीतम माझ्यातून वाढलेली पेज पिऊन मोठा झाला आणि बोईसरच्या कारखान्यात नोकरीला लागला. मग त्याचे लग्न झाले, गॅस आला, स्टीलची भांडी आली. एक दिवस तवी फुटली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली, आंबे उतरवायच्या जुन्या झेल्याशेजारी. मला राग आला नाही. स्टीलचा डाव माझ्यापेक्षा देखणा होता, घासायलाही सोपा. पण उन्हाळ्यात कौलांची धग लागून मी सुकत गेलो आणि एका मे महिन्यात मला तडा गेला. त्याचा आवाज झाला होता, पण खाली कुणाला ऐकू गेला नाही.

माळ्याच्या फळ्यांमधून स्वयंपाकघर दिसत असे. तिथूनच मला कळले की जयवंतीबाईंना कर्करोग झाला आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्यांचे केमोचे उपचार सुरू झाले. दोन डोस झाले आणि त्यांच्या हातापायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. हाताने जेवायला घेतले की घास ताटाबाहेर सांडे. तोंड आले होते. सून कीर्ती त्यांना स्टीलच्या वाटीतून, स्टीलच्या चमच्याने भरवू लागली.

प्रतापरावांची बहीण हिरा शेजारीच राहते. वहिनीवर तिचा फार जीव. ती रोज सकाळी कारल्याचा रस घेऊन यायची.

"वयनी, मासळी तोंडाला लावायची नाय. उष्ण पडते. आणि अंडं तर बघायचं पण नाय," ती बजावून सांगे.

"मग खाऊ काय गो? हवा?" जयवंतीबाई विचारत.

"रस पी. रसात सगळं हाय."

मासळीवर वाढलेल्या घरात मासळी बंद झाली. सगळ्यांना हे पथ्यच वाटले. रुग्णालयात कुणी विचारले नाही आणि घरच्यांनीही कुणाला विचारले नाही.

कीर्ती बिचारी नागलीची म्हणजे नाचणीची पेज करी, मऊ भात करी, मुगाचे कढण करी. दोन चमचे झाले की जयवंतीबाई म्हणत, "ठेव तिथं. खाते मी मागनं." थोड्या वेळाने वाटी रिकामी दिसे. सगळ्यांना बरे वाटे. मला मात्र माळ्यावरून मागचे दार दिसत होते आणि दाराशी कोण बसते तेही दिसत होते. पण डवल्याला तोंड कुठे आहे?

तिसऱ्या डोसला सगळे पहाटे निघाले आणि डोस न घेताच परत आले. प्रतापराव स्वयंपाकघरात पाटावर बसले.

"वजन उतरलंय. रक्त पण कमी भरलं," ते सुनेला म्हणाले. "डाक्तर बोलले, आठवडाभर हिला नीट खायला घाला, मग बघू. अशीच उतरत राहिली तर औषध झेपायचं नाय तिला."

"पण बाबा, वाटी तर रोज रिकामी होते!" कीर्ती म्हणाली. मग तिने मागच्या दाराकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंच्या समोर जाऊन बसली.

"आई, एक विचारू? वजन तुमचं उतरतंय आणि ही मागची मांजर कशी काय गाभण दिसतेय?"

"बोका हाय तो," जयवंतीबाई म्हणाल्या.

क्षणभर दोघींना हसू आवरेना. मग कीर्तीच्या डोळ्यांत पाणी आले. "माझ्या हातचं आवडत नाही का तुम्हाला?"

"तुझ्या हाताला काय झालं गो! मला सगळंच खिळा चघळल्यागत लागतंय. पेज पण तशीच, चिकू पण तसाच. तू एवढी खपतेस, तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

कीर्तीने तिथल्या तिथे रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ तेजल मॅडमना फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. हिराही रस घेऊन दारात आलीच होती.

"मॅडम, आईंना सगळं लोखंडासारखं लागतं."

"औषधामुळे पुष्कळांना तसं लागतं. भरवता कशाने?"

"स्टीलच्या चमच्याने."

"तो आधी बाजूला ठेवा. लाकडी चमचा घ्या. वाटी काचेची किंवा चिनी मातीची घ्या. सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, पण करून पाहा. दोन-दोन तासांनी थोडं थोडं द्या, ताट भरून नको. मासळी खातात ना?"

"ती बंद केलीय. उष्ण पडते म्हणून."

"कुणी सांगितलं?"

हिराने पदर सारखा केला.

"ताजी मासळी आणा आणि नीट शिजवून द्या. अंडं पूर्ण उकडलेलं द्या. त्यांच्या अंगाला आता ताकद हवी. तोंड आलंय, तर तिखट-आंबट नको. फळ धुऊन, साल काढून. कच्चं काही नको, पाणी उकळलेलं. आणि याशिवाय आणखी काय देता?"

"कारल्याचा रस."

"तोंड आलेल्या माणसाला?" पलीकडून आवाज आला. "पुढच्या वेळी काही बंद किंवा सुरू करायच्या आधी मला विचारा. मी त्यासाठीच आहे."

लाकडी चमचा घरात नव्हता. प्रतापराव उठले, शिडी लावली आणि त्यांनी मला माळ्यावरून काढले. इतक्या वर्षांनी त्यांचा हात लागला. मित्रांनो, मला काय वाटले ते नीट सांगता येणार नाही. कीर्तीने व्हिडिओ सुरू करून मला फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरले.

"तडा दिसतोय," तेजल मॅडम म्हणाल्या. "हा नको. भेगेत अन्न अडकतं, जंतू वाढतात. त्यांची प्रतिकारशक्ती आता कमी आहे."

मी नाकारला गेलो. आधी वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण जरा वेळाने विचार केला तर मॅडमचे बरोबर होते. माझ्या भेगेत झुरळाचे पंख अडकलेले मला स्वतःला माहीत होते. ज्या तोंडाला मला भरवायचे होते त्याला माझ्यामुळेच काही झाले असते तर? म्हणून मी तेजल मॅडमचा आजही ऋणी आहे.

प्रतापरावांनी मला खाली ठेवले नाही. वाडीतल्या ताज्या नारळाची करवंटी आणून त्यांनी मला शेजारी घेतले आणि माझ्याकडे बघत बघत तिचा एक लहानसा तुकडा कापला. काचेने तासला, वाळूच्या कागदाने घासला आणि त्याला बांबूची बारीक दांडी बसवली. बोट फिरवून फिरवून पाहिला. या वेळी पहिलाच बरा झाला. ती माझी धाकटी डवली, पेजेच्या एका घोटाएवढी. कीर्तीने तिला उकळत्या पाण्यात घातले आणि उन्हात वाळवले.

त्या दिवशी दुपारी हिरा ताजे बोंबील घेऊन आली. "घे," ती कीर्तीला म्हणाली. "मीच नको बोललेली, आता मीच आणलेत." बोंबील मऊ असतात, आलेल्या तोंडाला टोचत नाहीत. हळद-मीठ घालून शिजवले, काटे काढले आणि धाकटी डवली घेऊन हिराच भरवायला बसली.

"आ कर, वयनी."

"मी काय लहान पोर हाय?"

"लहान पोर बरी. ती बोक्याला तरी घालत नाय."

जयवंतीबाईंनी घास तोंडात घेतला आणि डोळे मिटून बसल्या. आम्ही सगळे बघत होतो. "खिळा हाय अजून," त्या म्हणाल्या, "पण बारका झालाय." आणि त्यांनी पुन्हा आ केला.

आठवडा तसा सोपा गेला नाही. एक दिवस काहीच पोटात ठरले नाही. पण रुग्णालयाच्या काट्यावर वजन थोडे वाढलेले दिसले, रक्तही बरे भरले आणि तिसरा डोस मिळाला. उपचार अजून चालू आहेत. पुढचे मला कळत नाही. मला आता तांदूळ काढायच्या कामाला घेतले आहे. कोरड्या तांदळाला माझा तडा चालतो. एवढे मिळाले, हे मी मोठे भाग्य समजतो.

त्या डोसनंतरचे मळमळीचे दिवस सरले आणि एका सकाळी जयवंतीबाई भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत आल्या.

"कीर्ती, आज काय करतेस गो जेवायला?" त्यांनी विचारले.

किती महिन्यांत त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. कीर्तीने गॅसकडे तोंड फिरवून डोळे पुसले आणि विचारले, "तुम्हीच सांगा आई, काय करू?"

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असे आजारी असेल तर "जेवलीस का?" एवढेच विचारून पुढे जाऊ नका. "कसे लागते?" असेही विचारा. ऐकीव पथ्ये लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि जेवणाच्या वेळी त्यांच्याजवळ थोडे बसा. एका घासाला कितीही वेळ लागला तरी बसा.