तीन हातांचा चोर

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. मी एक जुनी बॅग आहे, पाठीवर घ्यायची, कॅमेऱ्याची. या वयात खोटे बोलून मला मिळणार तरी काय?

मित्रांनो, माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. शिवणाऱ्या बाईने माझ्या पट्ट्यांवर चार टाके जास्तच घातले. "ही फाटायची नाही," ती शेजारणीला म्हणाली, "हिचा मालक आधी फाटेल." दोघी हसल्या. मीही हसले. तेव्हा मला मालक नव्हता.

पुढे मिळाला तो गाड्यांच्या शर्यतींचे फोटो काढणारा. शर्यतीच्या दिवशी माझ्या पोटात दोन कॅमेरे, दोन छोट्या लेन्स, बॅटऱ्या, पावसासाठी प्लास्टिक, कानात घालायचे बोळे आणि पाण्याच्या बाटल्या असत. सगळ्यात मोठा खण लांब लेन्सचा. तिला सगळे तोफ म्हणत. एकूण वजन अठरा किलो. एकदा मला काट्यावर ठेवले तेव्हा काटा पूर्ण एक फेरी मारून पुन्हा शून्यावर आला आणि तिथेच धापा टाकत बसला. अगदी खरे सांगते.

पाच किलोमीटरचा ट्रॅक आम्ही कुंपणाच्या बाहेरून पायी फिरायचो. एका वळणावर दहा फेऱ्या, की पुढचे वळण. तापलेले डांबर, जळक्या रबराचा वास, आणि मालकाचा घाम सगळा माझ्या पाठीत. लोक फोटो बघून म्हणत, "वा, गाडी अंगावर येतेय असं वाटतं!" माझे नाव कोणी काढले नाही. बॅगेचे कोण काढतो?

वीस वर्षांत मालकाची पाठ गेली. बूट घालायलासुद्धा मालकीणबाई लागू लागल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, पाच किलोंच्या वर उचलाल तर एक दिवस उठता येणार नाही.

"डॉक्टरला काय जातंय बोलायला," मालक घरी येऊन म्हणाला.

"निदान ती तोफ तरी घरी ठेवा," बाई म्हणाल्या.

"अगं, तोफ नसेल तर तिथे जाऊन मी करू काय? हात हलवत परत येऊ?"

"या की. हातीपायी धड तर याल."

मालक हसला. बाई हसल्या नाहीत.

मग हंगामातली शेवटची शर्यत आली. आदल्या संध्याकाळी मालकाने मला स्वतः भरले, प्रत्येक चेन दोनदा ओढून पाहिली. सकाळी मला खांद्यावर घेतले आणि तो चकित झाला. "अगं, आज पाठ किती हलकी वाटतेय! तुझ्या मलमाचा गुण बघ."

बाई दारात उभ्या होत्या. "जपून," एवढेच म्हणाल्या.

आता चोराचे ऐका. ट्रॅकच्या फाटकाशी मनगटावर प्रवेशाची पट्टी बांधून घ्यायला रांग होती. मालकाने मला खाली ठेवले. तेवढ्यात एक माणूस आला, तीन हातांचा. एका हातात चहा, दुसऱ्यात वर्तमानपत्र आणि तिसरा माझ्या चेनवर. मी जीव तोडून ओरडले. पण आत इंजिने गरम करणे चालू होते, माझे कोण ऐकणार? लेन्स त्याच्या कोटाखाली गेली आणि तो पोट पुढे काढून, पेपर वाचत, सावकाश निघून गेला.

तिसऱ्या वळणावर मालकाने मला उघडले. मोठा खण रिकामा.

शेजारी दुसरा फोटोवाला होता. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. "काय रे, तोफ कुठाय?" तो ओरडला.

"चोरली कोणीतरी."

"ती? ती पळवायला हमाल लागेल!"

मालकाने घरी फोन लावला. मी पायाशीच होते, मला बाईंचा आवाज ऐकू आला.

"लेन्स नाहीये ना? मग परत या. आत्ताच्या आत्ता निघा."

"शेवटची शर्यत आहे गं. छोट्या लेन्सवर भागवतो. जरा पुढे जाऊन उभा राहतो."

"पुढे नका जाऊ! अहो, ऐका, मी काय सांगते..."

पण गाड्या सुटल्या होत्या. त्याने फोन खिशात टाकला.

वळणावर जुन्या टायरांची रचलेली भिंत होती. मला कुंपणाशी ठेवून तो फटीतून आत शिरला आणि भिंतीजवळ गेला. झेंडेवाला ओरडला, "काका, मागे व्हा! तिथं थांबायचं नाही!"

"दोनच फेऱ्या, बाळा."

दुसऱ्या फेरीला एक निळी गाडी वळण चुकली आणि भिंतीवर आदळली. टायर हवेत उडाले. गाडी चालवणारा स्वतःच्या पायांनी बाहेर आला. एक टायर मालकाच्या पाठीत बसला.

मित्रांनो, इथे मला काही वाढवून सांगता येत नाही. तो पालथा पडला. कॅमेरा त्याने छातीखाली धरून ठेवला होता. उठायचा प्रयत्न त्याने एकदाच केला.

याला आठ महिने झाले. तो पलंगावर असतो. कमरेखाली त्याला काही कळत नाही. मी शेजारच्या कपाटात आहे, माझ्या पट्ट्यांवर बुरशी धरली आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मालक चोराबद्दल सांगतो. "लेन्स असती तर मी लांब उभा असतो. चालता नाही आलं तरी चालेल, पण एकदा त्या माणसाचं तोंड बघायचंय मला." बाईंना नेमके तेव्हाच स्वयंपाकघरात काम निघते. नळ बराच वेळ चालू राहतो.

म्हणून सांगते मित्रांनो, आपले सामान जपा. गर्दीत ते खाली ठेवू नका. चोर कुठेही असतो. मी त्याला जवळून पाहिले आहे, लांबट तोंड, डाव्या गालावर तीळ...

"पुरे झालं!"

आवाज वरच्या फळीवरून, रजयांच्या मागून आला. लांब लेन्सचा.

"कसला चोर? मी त्या दिवसापासून या कपाटाबाहेर गेलेच नाही. त्या सकाळी तो दाढी करत होता, तेव्हा बाईंनी मला तुझ्यातून काढलं. तू बघत होतीस. मला रजयांमागे ठेवताना त्या काय म्हणाल्या, तेही ऐकलंस. म्हणाल्या, आज तरी दुपारी जेवायला घरी येतील."