गप्प केलेला व्हॉल्व्ह

आमच्या लाँड्रीतल्या बॉयलरला मी सवत म्हणते, कारण नवऱ्याचं अर्धं लक्ष कायम त्याच्याकडे. उरलेलं अर्धं सासूबाईंकडे. माझ्या वाट्याला काय येतं ते विचारूच नका.

सासूबाईंची खोली बॉयलरच्या भिंतीला लागूनच. वाफ जास्त झाली की सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळायचा आणि त्या पलंगाखाली शिरायच्या. हसण्यासारखं नव्हतं ते. सासरे एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. तो फुटला आणि ते गेले. तेव्हा तपासणी नुसती कागदावर, मालक म्हणेल तो कायदा. असे बरेच बॉयलर फुटल्यावर सरकारला जाग आली आणि दरवर्षी इन्स्पेक्टर खरंच येऊ लागले.

यंदा आलेल्या इन्स्पेक्टरबाईंनी वाफ चढवायला सांगितली. दाबाचा काटा लाल रेघेवर आला. व्हॉल्व्ह गप्प. रेघ ओलांडली, तरी गप्प.

"जाळ काढा बाहेर!" बाई ओरडल्या. काटा उतरल्यावर त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. व्हॉल्व्हचं शिशाचं सील तुटलेलं, स्क्रू पार आवळलेला.

"कुणी केलं हे?"

"मी," नवरा मान खाली घालून म्हणाला. "आई घाबरते हो त्या आवाजाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीपलीकडे तीच आई झोपते, एवढंही सुचू नये?

"तो ओरडतो म्हणजे जादा वाफ सोडतो," बाई म्हणाल्या. "पूर्वीचे मालक वाफ वाया जाते म्हणून त्याला वजनं टांगून गप्प करायचे आणि मग बॉयलर फुटायचा. म्हणून तर स्क्रूला कुणी हात लावू नये यासाठी हे सील आलं. नवीन लागेपर्यंत बॉयलर बंद."

"गप्प करायचे?" दारातून सासूबाईंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, देव जाणे. "त्या दिवशीही काही ओरडलं नव्हतं. मी ह्यांचा डबा घेऊन फाटकाशी पोचले होते. म्हटलं, आज बरी शांतता आहे."



व्हॉल्व्ह दुरुस्त झाल्यावर पुन्हा चाचणी झाली. सासूबाईंनी खुर्ची थेट बॉयलरपुढे आवारात टाकायला लावली. काटा रेघेशी आला आणि व्हॉल्व्ह किंचाळला. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. नवरा त्यांचे कान झाकायला धावला, तसे त्यांनी त्याचे हात बाजूला केले.

"ओरडू दे रे त्याला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ओरडला असता, तर तुझे बाबा जेवले असते."